विधातेकाकूंच्या बिनशंखाच्या गायी

नाशिकहून समुद्र गाठायचा तर अर्धा दिवस मोडतो. विधातेकाकूंकडे तो स्वयंपाकघरात ओट्याखाली होता. लोणच्याच्या एकतीस बरण्यांत, जुन्या छत्र्यांच्या काळ्या कापडाखाली झाकलेला. आता त्या जागी नव्या भाडेकरूंचा गॅस सिलिंडर असेल.

मी हे लिहिते आहे याचं कारण सरळ आहे. या बाईबद्दल दुसरं कुणी लिहिणार नाही. बाटलीत विष भरून विकणाऱ्याचा हसरा फोटो चौकाचौकात वीस फुटी लागतो. विषाचा थेंब न वापरता कीड संपवणाऱ्या बाईचं नाव आमच्याकडे एकदाच लागलं, सोसायटीच्या नोटीस बोर्डावर, तेही तक्रारीत. मला याचा राग आहे आणि तो मी लपवणार नाही. लपवण्याची मला सवयही नाही.

आमची ओळख पत्रकामुळे झाली. बागांमधून, सोसायट्यांमधून, मुलं खेळत असताना औषध फवारतात त्याविरुद्ध आम्ही काही जण पत्रकं वाटायचो. लिहायचे मी. 'विष थांबवा!!!' असा मथळा होता. द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत एका तळमजल्याचं दार वाजवलं. साठीच्या पुढची, काटक, लुगडं नेसावं तशी घट्ट सहावारी नेसलेली बाई बाहेर आली. अंबाड्यात गजरा खोचावा तसा एक काचेचा ड्रॉपर खोचलेला. तिने पत्रक घेतलं आणि दारातच उभं राहून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. माझं पत्रक पूर्ण वाचणारा तो पहिला माणूस. बाकीचे घडी घालून त्यावर चिवडा खातात.

"अकरा उद्गारचिन्हं," त्या म्हणाल्या. "कशाला गं एवढी?"

"राग आहे, काकू."

"राग दिसतोय. पण फवारा बंद केल्यावर ती कीड खाणार कोण, ते कुठं लिहिलंय?"

ते लिहिलं नव्हतं. मला ते माहीतच नव्हतं.

"फवारा मारल्यासारखं लिहितेस पोरी. सगळीकडं सारखं. जिथं कीड नाय तिथं पण." मग दार पूर्ण उघडत म्हणाल्या, "आत ये. हात धू. कोपरापर्यंत. साबण नको."

पुढची तीन वर्षं मी त्या घरी जातच राहिले, आणि दर वेळी हात बिनसाबणाचे धुतले.

काकूंचं माहेर कळवणच्या पलीकडचं. सासर नाशिकचंच, भाजी आणि फुलं पिकवून बाजारात नेणाऱ्यांचं. शहर वाढत वाढत शेतात आलं, शेतावर इमारत उभी राहिली आणि त्या इमारतीतला एक फ्लॅट विधाते घराण्याच्या वाट्याला आला. "आमच्या पालकाच्या वाफ्यावर आमचं बाथरूम हाय," काकू सांगायच्या. हे सांगताना त्या रडायच्या नाहीत. बाथरूमचा उतार चुकलाय, वाफ्याचा कधी चुकला नव्हता, एवढीच त्यांची तक्रार.

नोकरी मात्र त्यांनी केली ती एका खाजगी प्रयोगशाळेत. तिथे द्राक्षबागांसाठी मित्रकीटक वाढवत. द्राक्षावर पांढरा, कापसासारखा मिलीबग बसतो. त्याला खाणारा एक छोटा भुंगेरा असतो. भुंगेरा वाढवायचा तर त्याला खायला मिलीबग हवा, म्हणून ही मंडळी लाल भोपळ्यांवर आधी मिलीबग वाढवायची, मुद्दाम, लाडाने. खोल्याच्या खोल्या किडलेल्या भोपळ्यांनी भरलेल्या. पोटापुरती कीड तयार झाली की मगच तिच्यावर भुंगेरे सोडायचे. काकूंनी हे एकोणीस वर्षं केलं. मालकाला मग कळलं की फवारणीच्या बाटल्या विकणं सोपं असतं. बाटलीला खायला घालावं लागत नाही आणि ती दर आठवड्याला पुन्हा विकता येते. एका दुपारी त्याने प्रयोगशाळा बंद केली. भोपळे खड्ड्यात टाकायला लावले, भुंगेऱ्यांसकट. काकूंनी एक भोपळा पिशवीत लपवून घरी आणला. तो आठ दिवसांत सडला. एकोणीस वर्षं पिढ्यानपिढ्या वाढवलेला वंश त्यांच्या बाल्कनीत संपला.

"माझ्या हातात संपला," त्या म्हणायच्या. मी मालकाला शिव्या घालायचे. त्या घालायच्या नाहीत. "मालकानं टाकला, ते खरं. पण शेवटचा माझ्या हातात होता." या एका वाक्यावर मी त्यांच्याशी कितीतरी वेळा भांडले. त्या हलल्या नाहीत.

आता समुद्राकडे येते. ही गोष्ट मला डॉक्टर शिरसाठांनी सांगितली. ते दातांचे डॉक्टर, आणि त्यांच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची मोठी टाकी होती, रंगीत प्रवाळांची. काकू दाढ दुखते म्हणून गेल्या होत्या. गालाला रुमाल लावून त्या टाकीसमोर बसल्या. प्रवाळांच्या मध्ये जिथे तिथे तपकिरी, पारदर्शक, बोटाच्या पेराएवढी फुलं डोलत होती. ती समुद्रफुलं. फुलासारखी दिसतात, पण तो प्राणी असतो, डंख मारतो, शेजारचं प्रवाळ जाळतो. डॉक्टर पेशंट सोडून एकेका फुलाला इंजेक्शनने औषध टोचत होते.

"डॉक्टर, किती दिवस मारताय?" काकूंनी रुमालाआडून विचारलं.

"वर्ष झालं."

"कमी झाली?"

"आधी दहा होती. आता मोजत नाही."

"तुकडा राहिला की त्याचं नवं होत असणार."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी बघतेय ना, तुम्ही वर्षभर लागवड करताय." मग म्हणाल्या, "ह्याला खाणारं कोण?"

डॉक्टर सांगत होते, वीस वर्षं मासे पाळणाऱ्या मित्रांमध्ये बसून त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. सगळे विचारायचे, कुठलं औषध? उत्तर त्यांना माहीत होतं. एक समुद्री गोगलगाय असते, शंख नसलेली, इंचभराची, पाठीवर मऊ केसरांची झालर. ती दुसरं काहीच खात नाही, फक्त हीच समुद्रफुलं. त्यांनी मुंबईच्या एका मित्राकडून सहा मागवल्या होत्या. टाकीत सोडल्या, आणि झाकण लावेपर्यंत त्यांच्याच पट्टेरी माशाने सहाच्या सहा गिळल्या.

"मित्राकडं अजून हायेत?"

"दहा-बारा असतील."

"त्यांतल्या चार मला द्या. आणि तुमची ही कीड पण द्या, बरणीभर."

दाढ त्यांनी त्या दिवशी काढलीच नाही. विसरल्या.

भोपळ्यांची पद्धत त्यांनी बरण्यांत आणली. आधी चारा. डॉक्टर ज्याला कीड म्हणायचे त्याला काकू कधीही कीड म्हणाल्या नाहीत. तो चारा, आणि गोगलगायी म्हणजे गायी. "थांब, गायी चारायच्यात" असं म्हणून त्या उठल्या की नवख्या माणसाला वाटायचं मागे गोठा आहे. वीस बरण्यांत नुसता चारा. त्याला सुकटीची पूड करून ड्रॉपरने भरवायच्या, एकेका फुलाच्या तोंडाशी, आणि मग ब्लेडने त्याचे तुकडे करायच्या. प्रत्येक तुकड्याचं आठवड्यात नवं फूल. "डॉक्टर मारायला कापतात, मी वाढवायला कापते," असं त्या म्हणायच्या आणि स्वतःच खूश व्हायच्या.

उरलेल्या बरण्यांत गायी. त्यांना उजेड आवडत नाही, म्हणून छत्रीचं कापड. लाल दोरा बांधलेले चमचे फक्त बरण्यांचे, ते स्वयंपाकात गेले तर घरात प्रलय. पाण्यातलं मीठ मोजायला डॉक्टरांनी दुर्बिणीसारखी नळी दिली, तेव्हा काकू खो खो हसल्या. तसल्याच नळीने बागायतदार द्राक्षाची गोडी बघतो. "गोड असो का खारं, डोळा लावायची जागा एकच," म्हणाल्या आणि शिकवायच्या आधीच वापरायला लागल्या.

आठ महिन्यांनी डॉक्टरांची टाकी लख्ख झाली. त्या पट्टेरी माशाची वेगळी सोय केली, काकूंनी साठ गायी सोडल्या आणि अडीच महिन्यांत एक फूल उरलं नाही. एकही थेंब न वापरता. मला नाचावंसं वाटलं. काकू मात्र ड्रॉपर घेऊन टाकीसमोर दोन दिवस बसल्या आणि सापडतील तेवढ्या गायी परत घेऊन आल्या. चारा संपलेल्या रानात जनावर ठेवायचं नसतं. नंतर लोक यायला लागले. काकूंचा नियम ठरलेला होता. गायी हव्यात तर बरणीभर कीड आणून द्यायची. दुसरं काही घ्यायच्या नाहीत. एकाने मिठाईचा पुडा आणला तर त्याला म्हणाल्या, "हा तुम्ही खा. माझ्या गायी गोड खात नाहीत."

पण पाळायला जोडी कुणाला द्यायच्या नाहीत, कीड संपली की गायी परत घ्यायच्या. वाढवायला शिकवायच्याही नाहीत. लोक हलगर्जी करतात, मारून टाकतात, असं त्यांचं पक्कं मत. मुंबईच्या त्या मित्राच्या गायी मेल्याचं कळलं तेव्हा तर त्यांनी हात झटकले. "बघ. आता जे काय हाय ते ह्या ओट्याखाली हाय. माझ्या डोळ्यांसमोर असलं की मला झोप लागते." मला ते थोडं कंजूषपणाचं वाटायचं.

सोसायटीची तक्रार मी म्हटलं ती याच काळातली. सुकटीचा वास येतो आणि 'घरात किडे पाळले जातात' असं लेखी लिहून लावलं. मी पेटले. घोषणा तयार केल्या, मोर्चा त्यांच्या जिन्यातूनच काढायचा ठरवलं. काकूंनी मला भाकरी वाढून गप्प बसवलं आणि चेअरमन अहिऱ्यांना चहाला बोलावलं.

"काकू, किडे पाळणं नियमात बसत नाही," अहिरे सोफ्याच्या टोकावर बसून म्हणाले.

"हात धुतलेत का?"

"हो."

"साबणानं?"

"हो."

"परत धुवा. साबण पाण्यात उतरला की गायी मरतात."

मग त्यांच्या हातात भिंग दिलं आणि एका बरणीवरचं कापड उचललं. गाय फुलाजवळ सरकत होती. अहिरे वाकले. गायीने मान लांब केली, झालर उभारली आणि फुलाच्या देठाला तोंड लावलं. चेअरमन वीस मिनिटं हलले नाहीत. चहावर साय धरली.

"हिला माझ्या मिसेसच्या जास्वंदीवर सोडता येईल का?" त्यांनी विचारलं.

"नाय. ही एकच चारा खाते. दुसरं दिलं तर उपाशी मरंल, तोंड लावणार नाय."

"आमच्या कमिटीत असा एक माणूस पाहिजे होता," अहिरे म्हणाले. तक्रार संध्याकाळी बोर्डावरून गेली. माझ्या घोषणा वाया गेल्या. काकूंना वास कमी करा एवढीच विनंती आली आणि त्यांनी सुकट गच्चीवर कुटायला सुरुवात केली.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला आवडत नाही, पण दुसऱ्यांचे गुन्हे छापणाऱ्याने आपला गाळून चालत नाही.

काकूंच्या भाचीचं लग्न होतं, कळवणला. चार दिवस जायचं. गायी माझ्यावर सोपवल्या. सूचना सोप्या होत्या. बरणीवर लाल खूण आहे. रोज पाणी उडतं, मीठ उडत नाही, म्हणून खुणेपर्यंत फिल्टरचं गोडं पाणी घालायचं. बस. काकू फिल्टरचं पाणी एका प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवत. आणि त्याच आठवड्यात मी प्लास्टिकविरोधी पत्रक लिहिलं होतं. प्लास्टिक पाण्यात काय काय सोडतं ते मी स्वतः ठळक अक्षरांत छापलं होतं. तेच पाणी काकूंच्या गायींना घालायचं? मी घरून आईचा तांब्याचा हंडा आणला. चिंचेने घासून आरशासारखा केला. फिल्टरचं पाणी त्यात भरून ठेवलं, रात्रभर, गुणकारी व्हावं म्हणून. आणि दोन दिवस ते पाणी मी प्रेमाने बरण्यांत घातलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी कापड उचललं तर फुलं मिटून गोळा झालेली. गायी काचेवरून सुटून तळाशी पडलेल्या. काहींच्या पाठीवरची झालर गळून पाण्यात तरंगत होती. मी फोन लावला. पलीकडे सनई, गोंधळ.

"हाताला काही लावलं होतंस?"

"नाही काकू."

"घरात कुणी काही फवारलं? उदबत्ती?"

"नाही. काहीच नाही."

"निघते."

त्यांनी अक्षता टाकल्या आणि पंगतीला न बसता निघाल्या. दुपारी दारात आल्या तेव्हा केसांत तांदळाचे दाणे होते. चपला काढता काढताच प्रश्न सुरू केले. पाणी किती घातलं, मीठ किती आलं, बरण्यांत हवा सोडणारा पंप बंद पडला होता का? एकेक शक्यता बाद करत त्या स्वयंपाकघरात आल्या, आणि त्यांची नजर हंड्यावर गेली.

"हे कुणाचं?"

"आईचं. प्लास्टिकमधलं पाणी नको म्हणून..."

त्या खाली बसल्या. भिंतीला टेकून, पाय पसरून. मग मला विचारलं, "द्राक्षावर बुरशी आली की काय मारतात?"

"मोरचूद."

"मोरचूद कशाचा असतो?"

"तांब्याचा," मी म्हटलं. आणि हंडा ओट्यापासून दूर सारला.

"आपल्याला चालतं ते, म्हणून सगळ्यांना चालतं असं नाय," त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. मग उठल्या, ताजं खारं पाणी कालवलं, आणि ड्रॉपरने एकेक गाय त्यात हलवायला लागल्या. संध्याकाळपर्यंत दोघी तेच करत होतो. एकही वाचली नाही. दिवा लावायच्या वेळी त्यांनी शेवटची बरणी ओतली आणि फक्त एक शब्द उच्चारला. "दुसऱ्यांदा."

मला पुसायला फडकं हवं होतं म्हणून मी मागच्या बाल्कनीत गेले. तिथे वॉशिंग मशीनच्या मागे एक बरणी होती, गायी दुसरीकडे हलवून धुवायला ठेवलेली आणि मग काकूंच्याही विसरात गेलेली. ती मी रिकामी समजून सोडून दिली होती. तिच्यात हंड्यातलं पाणी मी घातलंच नव्हतं. मी काकूंना ओरडून सांगितलं. त्या आल्या, गुडघे टेकले, भिंग लावलं. बरणीत गाय नव्हती. पण काचेला आतून पांढऱ्या बारीक दोऱ्याचं एक वेटोळं चिकटलेलं होतं, शेंगदाण्याएवढं.

"शे!" काकू म्हणाल्या. त्यांना फार आनंद झाला की जीभ माहेरी जायची. "शे वं माय, शे!" आहे, म्हणत होत्या. आहे. ती अंडी होती.

बरणीतलं पाणी उडून खार चढली होती. एकदम गोडं पाणी घातलं असतं तर अंडी फुटली असती. काकूंनी दोन दिवस थेंब थेंब पाणी सोडलं. थेंबांमध्ये त्या इतका वेळ जाऊ द्यायच्या की मी त्या काळात दोन पत्रकं लिहिली आणि फाडली.

अंडी फुटायला बारा-तेरा दिवस. आणि तेव्हा कळलं की खरी अडचण पुढे आहे. पिलांना खायला चारा नव्हता. तांब्याने समुद्रफुलंही मारली होती. जी अर्धमेली उरली होती त्यांवर काकूंचा भरवसा नव्हता, "विष प्यायलेला चारा लेकरांना नाय घालायचा." डॉक्टरांची टाकी तर काकूंनीच लख्ख करून ठेवलेली. ज्यांच्या ज्यांच्या टाकीत कीड होती त्यांची ती काकूंच्या गायींनी खाल्ली होती. बारा दिवसांत जिवंत कीड मिळाली नाही तर वंश संपला.

आम्ही शहरातली माशांची दुकानं पालथी घातली. "तुमच्याकडे तपकिरी समुद्रफुलं आहेत का?" असं विचारलं की दुकानदाराचा चेहरा बदलायचा. आमच्याकडे? कीड? छे! टाकीत कीड आहे हे कबूल करणं म्हणजे दुकानाची अब्रू. काही जणांच्या काउंटरवर तीच कीड मारायच्या बाटल्या रांगेने लावलेल्या, आणि तोंडाने म्हणणार, आमच्याकडे नाहीच. द्वारकेच्या इम्रानभाईंनी तर चार गिऱ्हाइकांसमोर हात जोडले, "काकू, क्यूं नाव खराब करताय गरिबाचं?"

मी घरी येऊन या सगळ्यांच्या ढोंगाचा पंचनामा करणारं पत्रक लिहिलं. काकूंनी ते वाचलं, बाजूला ठेवलं, आणि म्हणाल्या, "घे. मी सांगते ते लिही." त्यांनी सांगितलं ते असं:

'तुमच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत तपकिरी समुद्रफुलं असतील तर मारू नका. विधातेकाकूंना द्या. कुणी दिली ते कुणाला सांगणार नाही.'

"एवढंच?"

"एवढंच. ते लबाड नायत गं. लाजतात. लाजणाऱ्या माणसाला आधी पडदा द्यावा लागतो."

वाटल्यावर तीन दिवस काहीच नाही. चौथ्या दिवशी दुपारी, दुकानं जेवणासाठी बंद असतात तेव्हा, बेल वाजली. दारात इम्रानभाई. काखेत टॉवेल, टॉवेलात बरणी.

"दुकानात बोललो ते गिऱ्हाईक होतं म्हणून," ते म्हणाले. "मागच्या टाकीत पूरा जंगल आहे, काकू. लागेल तेवढं न्या. फक्त मागच्या दाराने या."

काकूंनी बरणी उजेडात धरली. बारीक, कोवळी, निरोगी फुलं, हरभऱ्याएवढीसुद्धा नाहीत. पिलांना तीच हवी होती. मोठं फूल पिलालाच डंख मारतं. "लय भारी कीड हाय तुमची," काकू म्हणाल्या. इम्रानभाईंच्या टाकीचं असं कौतुक आजवर कुणी केलं नसेल. ते लाजले आणि हात धुवायला गेले. साबण घेतला नाही, हे मी पाहिलं. त्यांना कुणीतरी आधीच सांगितलं असणार.

अंडी तेराव्या दिवशी फुटली. साध्या डोळ्यांना धूळ दिसावी तशी पिलं. त्यातली बहुतेक गेली. तगल्या एकोणीस. त्या एकोणीस मोठ्या झाल्या, त्यांनी अंडी घातली, आणि बरण्या पुन्हा भरल्या.

तेव्हा काकूंनी जे केलं त्यासाठी मी त्यांना मानते. इतकी वर्षं पाळलेला नियम मोडला. पाच घरं निवडली आणि प्रत्येकाला जोडी दिली. या गायींत नर-मादी वेगळे नसतात, कुठल्याही दोन चालतात. सोबत चाऱ्याची बरणी, आणि ती कशी वाढवायची त्याचं शिक्षण, ओट्याजवळ मांडी घालून, रोज तासभर. डॉक्टर शिरसाठ कुरकुरले. दवाखान्यात मुद्दाम कीड वाढवायची? पेशंट काय म्हणतील? "सांगा, चारा हाय," काकू म्हणाल्या. अहिऱ्यांनी एक घेतली. इम्रानभाईंनी एक. कॉलेजात शिकवणाऱ्या एका बाईंनी एक.

पाचवी माझ्यासमोर ठेवली.

"मला नको काकू," मी म्हटलं. "माझ्यामुळेच तर..."

"म्हणून तर. बाकी चौघं कधीतरी तांब्याचा गडवा बुडवतील. तू जन्मात बुडवणार नायस. तुझ्याइतकी खात्री मला कुणाची नाय."

आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "एका ओट्याखाली ठेवलं तिथंच चुकलं. तुझं नाय, माझं. भोपळा पण मी एकटीनंच आणला होता. पाच जणींनी पाच आणले असते तर?" पहिल्यांदाच त्या भोपळ्याबद्दल त्यांनी दुसरं काहीतरी म्हटलं. मी पाचवी बरणी उचलून मांडीवर घेतली. न भांडताही मला राहता येतं हे त्या दिवशी मलाही कळलं.

मागच्या हिवाळ्यात काकू नांदगावला लेकीकडे राहायला गेल्या. डोळे अधू झाले होते. पिलं भिंगातूनही दिसेनात. स्वतःसाठी त्यांनी एकही गाय नेली नाही. "तिकडं लाईट जाते. पंप बंद पडंल. पाच घरी हायेत ना, मग माझ्याकडं कशाला?" सामान म्हणजे दोन पिशव्या आणि औषधांचा डबा.

द्वारकेला बसमध्ये बसवायला मी आणि इम्रानभाई गेलो होतो. काकूंना खिडकीची जागा मिळाली. चौकात नेहमीसारखी कोंडी होती. बस हातभर सरकायची आणि थांबायची, आणि आम्ही तिच्यासोबत चालत होतो. तेवढ्यात इम्रानभाईंना आठवलं.

"काकू, सकाळी अंडी दिसली. पंपाच्या नळीवर घातलीत. काढून दुसरीकडे लावू का?"

काकू एकदम ताठ बसल्या. "नळीवर? हवेचा जोर किती ठेवलाय?"

"फुल."

"अहो फुल कशाला? कमी करा! निम्मा! आणि—"

कोंडी सुटली. बसने एकदम वेग घेतला. हॉर्नमध्ये त्यांचं पुढचं ऐकू आलं नाही. खिडकीतून त्यांचा अर्धा हात बाहेर आलेला दिसत होता. आधी एक बोट हवेत गोल गोल फिरवलं, म्हणजे अंडी. मग पंजा उघडून आडवा धरला आणि दोनदा खाली दाबला. हात लावू नका, तिथेच राहू द्या.

शेजारच्या सीटवरच्या बाईला वाटलं, या म्हातारीला निरोप देता येत नाहीये. तिनेच काकूंच्या वतीने आम्हाला टाटा केला.